दोन्ही व्हॉल्यूम एकाच सर्व्हरवर का पडले, आणि ते वेगळे कसे ठेवायचे

प्रश्न: ताई, जळगावच्या एमआयडीसीत एका कारखान्यासाठी आम्ही ओपनस्टॅक या मुक्त सॉफ्टवेअरवर छोटा खासगी क्लाउड चालवतो. स्टोरेजचे तीन सर्व्हर आहेत, तिन्हींवरून सिंडर (ओपनस्टॅकची स्टोरेज सेवा) एलव्हीएमचे (लिनक्समध्ये डिस्कची जागा वाटणारी व्यवस्था) व्हॉल्यूम, म्हणजे आभासी डिस्क, देतं. डेटाबेसचं मुख्य मशीन आणि त्याची प्रतिकृती आम्ही मुद्दाम दोन वेगळ्या कॉम्प्युट सर्व्हरवर ठेवली होती. मागच्या आठवड्यात एक स्टोरेज सर्व्हर बंद पडला आणि दोन्ही डेटाबेस एकदम थांबले. पाहिलं तर दोघांचे व्हॉल्यूम त्याच सर्व्हरवर. व्हॉल्यूम कुठे पडावा हे आपल्याला ठरवता येतं का? की प्रत्येक वेळी हाताने हलवत बसावं लागेल?

उत्तर:

ठरवता येतं, आणि रोज हाताने हलवत बसायची गरज नाही. पण आधी तुमच्याकडे काय झालं ते पाहू, म्हणजे कोणता उपाय कुठे लावायचा ते आपोआप स्पष्ट होईल.

मशीनं वेगळी ठेवा हे तुम्ही नोव्हाला, म्हणजे ओपनस्टॅकच्या मशीनं चालवणाऱ्या भागाला, सांगितलंत. सर्व्हर ग्रुप केला असेल, अँटी-अफिनिटी (एकमेकांपासून दूर ठेवण्याचा नियम) लावली असेल, आणि नोव्हाने ते इमानेइतबारे पाळलं. व्हॉल्यूमची जागा मात्र नोव्हा ठरवत नाही. ती सिंडरचा स्वतःचा शेड्युलर (जागा निवडणारा भाग) ठरवतो आणि नोव्हाचा सर्व्हर ग्रुप त्याच्या कानावरही जात नाही. त्याच्याकडे दोन मागण्या आल्या: इतके जीबी द्या, आणि आणखी इतके जीबी द्या. हे दोन्ही एकाच डेटाबेसचे आहेत, एक गेला तर दुसरा हाताशी हवा, असं त्या मागण्यांत कुठेही लिहिलेलं नव्हतं.

आपल्याकडच्या डाळ मिलच्या गोदामात हमाल पोतं कुठे लावतो? जिथली थप्पी ठेंगणी, तिथे. एखाद्याने दादर ज्वारीच्या बियाण्याची दोन पोती आणली, एक भिजलं तरी दुसरं पेरणीला राहावं म्हणून, तर ते हमालाला सांगावं लागतं. नाही सांगितलं तर दोन्ही पोती एकाच पत्र्याखाली, एकाच गळतीखाली जातात. हमालाची त्यात चूक नसते. सिंडरचा शेड्युलर अगदी असाच आहे.

त्याचं काम कसं चालतं ते थोडक्यात. प्रत्येक स्टोरेज सर्व्हरवरची सिंडर-व्हॉल्यूम सेवा साधारण दर मिनिटाला शेड्युलरला कळवत राहते की एकूण जागा किती, मोकळी किती, कबूल केलेली किती. नवा व्हॉल्यूम मागितला की शेड्युलर आधी चाळणी लावतो. मूळ मांडणीत तीन फिल्टर असतात. अव्हेलेबिलिटी झोन (एकत्र बंद पडू शकणाऱ्या सर्व्हरचा गट) जुळतो का, जागा पुरते का, आणि व्हॉल्यूम टाइपने (व्हॉल्यूमच्या ठरवून दिलेल्या प्रकाराने) मागितलेले गुण त्या बॅकएंडमध्ये, म्हणजे जागा देणाऱ्या स्टोरेजमध्ये, आहेत का. चाळणीतून जे उरतात त्यांना वजन दिलं जातं, आणि मूळ मांडणीत वजन एकाच गोष्टीचं होतं: मोकळी जागा. ज्याच्याकडे जास्त मोकळी जागा, त्याचा नंबर पहिला.

यावरून माझा पहिला अंदाज असा, की तुमच्या तीन सर्व्हरपैकी एक बाकीच्या दोघांनंतर जोडलेला आहे. तो नवा, रिकामा. त्यामुळे तो जोडल्यापासून जवळपास प्रत्येक नवा व्हॉल्यूम त्याच्यावरच जातोय, कारण शंभरदोनशे जीबी दिल्यावरही सगळ्यात रिकामा तोच राहतो. दुसरा अंदाज: प्रतिकृतीचा व्हॉल्यूम तुम्ही मुख्य व्हॉल्यूमचा क्लोन करून बनवलात का? तसं असेल तर वजनाचा प्रश्नच आला नाही. क्लोन मूळ व्हॉल्यूम जिथे आहे त्याच बॅकएंडवर बनतो. एलव्हीएमचा स्नॅपशॉटही त्याच व्हॉल्यूम ग्रुपमध्ये राहतो. स्नॅपशॉट घेतला म्हणजे बॅकअप झाला असं समजून बसलेली माणसं मी अनेक पाहिली आहेत. डिस्क गेली की मूळ आणि स्नॅपशॉट हातात हात घालून जातात.

वजनाची पद्धत बदलून तुमचा प्रश्न सुटेल असं कुणी सांगितलं तर त्यात वेळ घालवू नका. मोकळ्या जागेऐवजी व्हॉल्यूमची संख्या मोजणारा वेयर, म्हणजे वजनाचा काटा, आहे, वाटून झालेली जागा मोजणाराही आहे. नवा रिकामा सर्व्हर या प्रत्येक काट्यावर पहिलाच येणार. काट्याने एकूण भार समतोल होतो. अमुक दोन व्हॉल्यूम एकमेकांपासून लांब राहतील याची हमी कोणताच काटा देत नाही.

आता आज संध्याकाळी करायचं काम. अॅडमिनच्या खात्याने प्रत्येक महत्त्वाच्या व्हॉल्यूमचा तपशील काढा. त्यात होस्टची एक ओळ असते, साध्या वापरकर्त्याला ती दिसत नाही. तिचे तीन भाग असतात: आधी सर्व्हरचं नाव, मग अॅट चिन्हानंतर बॅकएंडचं, मग हॅश चिन्हानंतर पूलचं, म्हणजे बॅकएंडमधल्या जागेच्या साठ्याचं. एका कागदावर किंवा शीटमध्ये जोड्या मांडा. मुख्य डेटाबेस कुठे, प्रतिकृती कुठे, लॉगचा व्हॉल्यूम कुठे, फाइल सर्व्हर कुठे. माझा अनुभव असा की ही यादी केल्यावर आणखी दोनतीन जोड्या एकाच जागी सापडतात, ज्यांच्याकडे अजून कुणाचं लक्ष गेलेलं नसतं.

उपायांपैकी सगळ्यात सरळ म्हणजे हिंट, शेड्युलरला मागणीसोबत दिलेली सूचना. व्हॉल्यूम बनवताना 'डिफरंट होस्ट' ही हिंट द्यायची आणि तिच्यापुढे ज्याच्यापासून लांब ठेवायचं त्या व्हॉल्यूमचा आयडी लिहायचा. उलट, एकत्र ठेवायचे असतील तर 'सेम होस्ट'. कॉन्फिगरेशनमध्ये ही नावं इंग्रजीतच, लहान अक्षरांत आणि शब्दांमध्ये अंडरस्कोर देऊन लिहायची. मी इथे वाचायला सोपं जावं म्हणून देवनागरीत लिहितेय.

इथे एक मोठा खड्डा आहे आणि त्यात बहुतेक जण एकदा तरी पडतात. या दोन हिंट वाचणारे फिल्टर, डिफरंट बॅकएंड फिल्टर आणि सेम बॅकएंड फिल्टर, मूळ तीन फिल्टरांत नाहीत. ते सिंडरच्या कॉन्फिगरेशनमधल्या शेड्युलर डिफॉल्ट फिल्टर्सच्या यादीत तुम्हालाच जोडावे लागतात आणि शेड्युलर पुन्हा सुरू करावा लागतो. ते जोडलेले नसताना हिंट दिली तर काय होतं? काहीच होत नाही. ना चूक दाखवली जाते, ना इशारा. व्हॉल्यूम बनतो, हिरवा दिसतो, आणि हिंट कुणी वाचलेलीच नसते. म्हणून फिल्टर जोडल्यावर एक-एक जीबीचे दोन व्हॉल्यूम बनवून होस्टची ओळ स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. मग पुरावा म्हणून मुद्दाम अशक्य मागणी करा: आधी तिन्ही सर्व्हरवर एकेक व्हॉल्यूम आहे हे तपासून त्या तिन्हींपासून वेगळा असा चौथा मागा. तो एररमध्ये जायला हवा आणि योग्य बॅकएंड मिळाला नाही असं कळायला हवं. तसं झालं तर समजा फिल्टर जागा आहे. मागणी पुरी करता येत नसताना मुकाट्याने कुठेतरी ठेवून देण्यापेक्षा शेड्युलरने नकार देणं मला कधीही पसंत आहे. तो नकार दिवसा, तुमच्या समोर मिळतो.

हिंटच्या मर्यादाही माहीत असू द्या. ती व्हॉल्यूम बनतानाच एकदा वापरली जाते. पुढे सहा महिन्यांनी कुणी तो व्हॉल्यूम दुसरीकडे हलवला तर जुनी हिंट आडवी येत नाही. दुसरं, पहिल्या व्हॉल्यूमचा आयडी हातात असल्याशिवाय दुसऱ्याची हिंट लिहिता येत नाही, म्हणून दोन्ही एकदम न बनवता एकामागून एक बनवा. तिसरं, मशीन सुरू करताना नोव्हाकडूनच बूट व्हॉल्यूम बनवून घेतलात तर तुमची हिंट सिंडरपर्यंत पोहोचत नाही. आधी सिंडरमध्ये हिंट देऊन व्हॉल्यूम बनवा आणि मग त्यावरून मशीन सुरू करा. हीट किंवा टेराफॉर्म (क्लाउडची मांडणी फाइलीत लिहून उभारणारी साधनं) वापरत असाल तर दोन्हींत व्हॉल्यूमच्या व्याख्येतच शेड्युलर हिंटची जागा आहे. ती तिथे लिहिलेली असेल तर आज रुजू झालेल्या मुलालाही ती कळते.

दुसरा मार्ग व्हॉल्यूम टाइपचा. टाइपवर 'व्हॉल्यूम बॅकएंड नेम' हा गुण लिहिला की त्या टाइपचा व्हॉल्यूम त्याच नावाच्या बॅकएंडवर जातो. एका नावाचे अनेक बॅकएंड असतील तर त्यांच्यातला एक वजनाने निवडला जातो. इथे नावांचा गोंधळ फार होतो. सिंडरच्या फाइलमध्ये चौकटी कंसात बॅकएंडच्या विभागाचं एक नाव असतं, तेच होस्टच्या ओळीत अॅटनंतर दिसतं. त्या विभागाच्या आत लिहिलेलं व्हॉल्यूम बॅकएंड नेम ही निराळी गोष्ट आहे आणि टाइप जुळतो तो याच्याशी. आतलं नाव तीन सर्व्हरवर एकच असू शकतं. विभागाचं नाव मात्र एकदा व्हॉल्यूम बनल्यावर सहज बदलू नका. जुन्या व्हॉल्यूमच्या नोंदीत जुनं नाव राहतं आणि ते पोरके होतात, मग सिंडर-मॅनेज या आज्ञेने त्यांचे पत्ते बदलत बसावं लागतं. सर्व्हरचं होस्टनेम बदललं तरी हेच होतं.

टाइप प्रत्येक सर्व्हरच्या नावाने काढावेत का? माझं मत नाही. टाइपने गुण सांगावा: वेगवान, साधा, संग्रहाचा. सर्व्हरच्या नावाचे टाइप केले की वापरणारी मंडळी ओळखीच्या एकाच नावाला चिकटतात, आणि तो सर्व्हर निवृत्त करायची वेळ आली की त्या नावाला लागलेली शेकडो मागण्यांची मुळं उपटावी लागतात.

तुमच्यासाठी मला खरं महत्त्वाचं वाटतं ते यापुढचं आहे.

काही वर्षांपूर्वी मी ज्या क्लाउडची जबाबदारी घेतली होती तिथेही तीनच स्टोरेज सर्व्हर होते. फिल्टर जोडलेले, हिंट दिलेल्या, चाचण्या केलेल्या. प्रत्येक जोडी दोन वेगळ्या सर्व्हरवर. मी निर्धास्त होते. मे महिन्यात दुपारी, बाहेर पारा ४५ अंशांच्या वर असताना, इमारतीची एक फेज गेली. यूपीएसने सर्व्हर धरून ठेवले, पण त्या खोलीतला एक एसी त्या फेजवर होता आणि एसी यूपीएसवर नसतो. सर्व्हरला आत जाणारी हवा १८ ते २७ अंशांची असावी अशी शिफारस असते. आपल्या उन्हाळ्यात एसीशिवाय बंद खोलीचं तापमान त्याच्या पार जायला फार वेळ लागत नाही. त्या एसीसमोरच्या रॅकमधले दोन स्टोरेज सर्व्हर तापले आणि स्वतःला वाचवण्यासाठी एकामागून एक बंद झाले. माझ्या नीट वेगळ्या केलेल्या जोड्यांपैकी ज्या या दोघांत वाटलेल्या होत्या, त्यांची दोन्ही अंगं गेली. तिसरा सर्व्हर पलीकडच्या भिंतीशी, दुसऱ्या एसीखाली, थंडगार चालू होता.

वायरमनभाऊ अमळनेरकडचे. सगळं पुन्हा सुरू झाल्यावर त्यांनी बोर्ड उघडून मला दाखवलं. "ताई, ह्या दोन्ही एकच फेजवर शेतस." यूपीएसला जाणारी लाइन आणि तो एसी, दोन्ही. मला शेड्युलरचं सगळं ठाऊक होतं. बोर्डाच्या आत मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

शेड्युलरला फक्त नावं कळतात. दोन नावं वेगळी दिसली की त्याच्या दृष्टीने जागा वेगळी झाली. एकाच सर्व्हरवर तुम्ही दोन व्हॉल्यूम ग्रुपचे दोन बॅकएंड केलेत, तर डिफरंट होस्टची हिंट त्या दोघांना खुशाल वेगळं मानेल. दोन सर्व्हर विजेच्या एकाच पट्टीला लावलेले असतील, एकाच नेटवर्क स्विचमधून आयएससीएसआय (नेटवर्कवरून डिस्क) देत असतील, तरी त्याच्या लेखी वेगळेच. बरोबर काय काय बंद पडतं हे त्याला ठाऊक नाही आणि तो शोधूनही काढू शकत नाही. ते आपण पाहायचं आणि नावांतून त्याला सांगायचं.

म्हणून तुमच्या वायरमनला बरोबर घेऊन एकदा खोलीत फिरा. प्रत्येक सर्व्हरच्या दोन्ही पॉवर सप्लायच्या केबली हाताने धरून शेवटपर्यंत जा. कोणती पट्टी, कोणता एमसीबी, कोणता यूपीएस, कोणती फेज, आणि जनरेटरवर काय येतं. मग नेटवर्कच्या केबली तशाच. मग कोणत्या एसीची हवा कुठे पोहोचते, आणि वरच्या मजल्यावर किंवा छतावर पाण्याची टाकी कुठे आहे. कारखान्याची खोली असेल तर मोठ्या मोटरा सुरू होताना व्होल्टेज कुठे बसतं तेही विचारा. हे सगळं एका पानावर काढलंत की तीन सर्व्हरचे खरे गट किती आहेत ते दिसतं. बहुतेक वेळा ते तीन नसतात, दोन असतात. कधी कधी एकच असतो. तसं निघालं तर सॉफ्टवेअरमधलं काहीही करण्याआधी एका सर्व्हरची केबल दुसऱ्या लाइनवर नेण्याचा खर्च मंजूर करून घ्या.

त्या गटांना मग अव्हेलेबिलिटी झोनचं रूप द्या. प्रत्येक बॅकएंडच्या विभागात 'बॅकएंड अव्हेलेबिलिटी झोन' लिहिता येतो. कॉम्प्युट सर्व्हरनाही नोव्हामध्ये होस्ट अॅग्रिगेटमधून (सर्व्हरच्या गटांतून) तीच झोनची नावं द्या, अक्षरन् अक्षर तीच. झोनचा फायदा असा की व्हॉल्यूम मागणाऱ्याला ना सर्व्हरचं नाव ठाऊक असावं लागतं ना दुसऱ्या व्हॉल्यूमचा आयडी. एक 'पूर्व' झोनमध्ये, दुसरा 'पश्चिम' झोनमध्ये, इतकं सांगितलं की झालं. अॅडमिनचा हक्कही लागत नाही. हिंटला जी आठवण राहत नाही, ती झोनला राहते. झोन व्हॉल्यूमच्या नोंदीतच लिहिलेला असतो. चुकीच्या झोनचं नाव दिल्यावर मूळ झोनकडे वळवणारा 'अलाउ अव्हेलेबिलिटी झोन फॉलबॅक' हा पर्याय मुळात बंद असतो. कुणी सोय म्हणून चालू केला असेल तर बंद करा.

झोन केल्याने आणखी एक लपलेली चूक सुटते, जी मला फक्त व्हॉल्यूम वेगळे करणाऱ्यांकडे वारंवार दिसते. समजा मुख्य मशीन पूर्वेच्या कॉम्प्युटवर आहे पण त्याचा व्हॉल्यूम पश्चिमेच्या स्टोरेजवर पडला. प्रतिकृतीचं मशीन पश्चिमेला, तिचा व्हॉल्यूम पूर्वेला. कागदावर मशीनं वेगळी, व्हॉल्यूमही वेगळे. आता पूर्वेची लाइन गेली. मुख्य मशीन कॉम्प्युटसकट गेलं, आणि प्रतिकृतीचा व्हॉल्यूम गेला म्हणून प्रतिकृतीही थांबली. सगळं वेगळं ठेवूनही दोन्ही गेले. म्हणून मशीन आणि त्याचा व्हॉल्यूम एकाच झोनमध्ये जोडीने राहू द्या आणि वेगळं करायचं ते जोड्यांना. नोव्हाच्या कॉन्फिगरेशनमध्ये सिंडरच्या भागात 'क्रॉस एझेड अटॅच' असा पर्याय असतो, तो मुळात चालू असतो. तो बंद केला की परक्या झोनचा व्हॉल्यूम मशीनला लागतच नाही. झोनची नावं दोन्हीकडे जुळलेली आहेत याची खात्री झाल्यावरच तो बंद करा, नाहीतर सोमवारी सकाळी कुणालाच नवा व्हॉल्यूम जोडता येणार नाही.

तुमच्यासाठी मी असं करेन: दोन झोन, विजेच्या आणि एसीच्या नकाशाप्रमाणे. मशीन आणि त्याचा व्हॉल्यूम अशा डेटाबेसच्या दोन जोड्या दोन झोनमध्ये. ज्या झोनमध्ये दोन स्टोरेज सर्व्हर येतील तिथे आणखी वेगळेपण हवं असेल तर डिफरंट होस्टची हिंट. टाइप फक्त वेगासाठी.

जागेच्या हिशोबाबद्दलही सांगायला हवं, कारण तोही व्हॉल्यूम एकत्र बुडवू शकतो. तुमचा एलव्हीएम थिन प्रकारचा (जागा आधी नुसती कबूल करून लागेल तशी देणारा) असेल, आणि बहुधा असेल, तर शेड्युलर जिला मोकळी जागा म्हणतो ती प्रत्यक्ष डिस्कवरची नसते, कबूल करता येण्याजोगी असते. 'मॅक्स ओव्हर सबस्क्रिप्शन रेशो' मुळात २० असतो. म्हणजे १० टीबीच्या पूलवर कागदोपत्री २०० टीबीपर्यंत वाटप होऊ शकतं. पूल खरोखर भरला की त्यावरचे सगळे व्हॉल्यूम लिहायला अडतात, ज्याने जागा खाल्ली तो एकटा नाही. लहान क्लाउडमध्ये मी हा आकडा दोनच्या वर जाऊ देत नाही. 'रिझर्व्हड पर्सेंटेज', म्हणजे राखीव जागेचा टक्का, मुळात शून्य असतो, तो १५ ठेवते आणि पूल ८० टक्के भरला की फोनवर संदेश येईल अशी सोय करते.

"सेफ लावा, हे सगळे प्रश्न संपतील," असं तुम्हाला कुणीतरी सांगेलच. सेफ, म्हणजे अनेक सर्व्हरवर डेटा पसरवून ठेवणारं स्टोरेज, चांगलं आहे, मी स्वतः चालवते. पण जागेचा प्रश्न तिथे संपत नाही, तो सिंडरकडून सेफच्या क्रश नियमाकडे, म्हणजे प्रती कुठे ठेवायच्या ते ठरवणाऱ्या नियमाकडे, जातो. सेफमध्ये एक व्हॉल्यूम एका सर्व्हरवर नसतोच. त्याचे तुकडे होऊन प्रत्येकाच्या मूळ मांडणीत तीन प्रती वेगवेगळ्या सर्व्हरवर पडतात. त्यामुळे एका पूलमधल्या दोन व्हॉल्यूमना डिफरंट होस्ट सांगण्यात काही अर्थ उरत नाही. दोन पूल करून दोन बॅकएंड दाखवलेत तर हिंट पाळली जाईल, पण दोन्ही पूल त्याच डिस्कांवर असतील तर वेगळं काहीच झालेलं नसतं. तिथे सांगायचं ते क्रशच्या नकाशात: कोणता सर्व्हर कोणत्या रॅकमध्ये, आणि प्रती रॅकनिहाय पसरायच्या की सर्व्हरनिहाय. नकाशात रॅक लिहिले नाहीत तर सेफलाही तुमचा एमसीबी दिसत नाही. तुमच्याकडे तीनच सर्व्हर आहेत हेही ध्यानात घ्या. तीन प्रती, किमान दोन जिवंत हव्यात, अशा मांडणीत एक सर्व्हर गेला तर काम चालू राहतं, पण तिसरी प्रत उभारायला चौथा सर्व्हर नसतो, म्हणून गेलेला परत येईपर्यंत उघड्यावर राहता. दुसराही गेला की लिहिणं-वाचणं थांबतं. चार-पाच सर्व्हर होईपर्यंत, तुमच्या डेटाबेसला स्वतःची प्रतिकृती येत असताना, मी एलव्हीएमवरच राहीन.

मशीन ज्या सर्व्हरवर आहे त्याच सर्व्हरवर व्हॉल्यूम ठेवण्याचीही सोय आहे, 'लोकल टू इन्स्टन्स' या हिंटने. त्यासाठी वेगळा फिल्टर लागतो आणि कॉम्प्युटवरच सिंडर-व्हॉल्यूम चालू असावं लागतं. तात्पुरत्या फाइलींना वेग मिळतो. तुमच्या आजच्या अडचणीशी तिचा संबंध नाही.

उद्या कारखान्याने काही भाग सार्वजनिक क्लाउडवर नेला तरी हाच विचार पुढे चालतो. अॅमेझॉनच्या एडब्ल्यूएसमध्ये ईबीएसचा (तिथल्या डिस्क सेवेचा) व्हॉल्यूम एकाच अव्हेलेबिलिटी झोनचा असतो. मुंबई रीजनमध्ये असे तीन झोन आहेत, आणि एका झोनचा व्हॉल्यूम दुसऱ्या झोनच्या मशीनला लागत नाही. तिथे स्नॅपशॉट मात्र रीजनच्या पातळीवर राहतो, म्हणून त्यातून दुसऱ्या झोनमध्ये नवा व्हॉल्यूम काढता येतो. कंटेनर चालवायला कुबरनेटीस वापरायला लागलात तर स्टोरेज क्लासमध्ये 'वेट फॉर फर्स्ट कन्झ्युमर' ठेवा. 'इमिजिएट' ठेवलंत तर पॉड (कंटेनरचा संच) कुठे चालणार हे ठरायच्या आधीच व्हॉल्यूम कुठल्यातरी झोनमध्ये बनून बसतो आणि पॉड ताटकळत राहतो.

आता जे व्हॉल्यूम आधीच चुकीच्या जागी आहेत त्यांचं काय. सिंडरमध्ये व्हॉल्यूम हलवता येतो, पूर्ण पत्ता देऊन मायग्रेट करून किंवा टाइप बदलून. टाइप बदलताना हलवायची परवानगी वेगळी द्यावी लागते, नाहीतर तो जागचा हलत नाही. स्नॅपशॉट असलेला व्हॉल्यूम एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर कॉपी होऊन जात नाही, आधी स्नॅपशॉट काढून टाकावे लागतात. पण डेटाबेसच्या बाबतीत मी हा रस्ता धरणार नाही. मुख्य व्हॉल्यूमला हात लावू नका. दुसऱ्या झोनमध्ये कोरा व्हॉल्यूम बनवा, त्याच झोनमध्ये नवं मशीन उभं करा, डेटाबेसच्या स्वतःच्या पद्धतीने नवी प्रतिकृती तयार करा. ती मुख्यापर्यंत पोहोचली, दोनतीन दिवस मागे न पडता चालली, की जुनी प्रतिकृती काढा. यात एकही क्षण असा येत नाही की डेटा फक्त एका अर्धवट कॉपीत आहे.

आणि या दोन प्रतींबरोबर तिसरी प्रत इमारतीबाहेर हवी. तुमच्या कारखान्याची धुळ्याला शाखा असेल तर सिंडर-बॅकअप तिकडच्या साठ्यावर पाठवा. ९० किलोमीटरच्या आसपासचं अंतर आहे, जळगावचा पाऊस किंवा जळगावचा ट्रान्सफॉर्मर तिकडे पोहोचत नाही. शाखा नसेल तर बाहेरचा ऑब्जेक्ट स्टोरेज घ्या, पण महिन्यातून एकदा त्यातून डेटाबेस उभा करून पाहा.

शेवटी चाचणी. रोज रात्री होस्टच्या ओळी काढून जोड्या तपासणारी छोटी स्क्रिप्ट लावा. एखादं मुख्य आणि त्याची प्रतिकृती एकाच झोनमध्ये आली की सकाळी तुम्हाला मेल येईल. आणि मे महिना लागण्याआधी, फेब्रुवारीतल्या एखाद्या रविवारी पहाटे, कारखान्याला आधी कळवून, बॅकअप झाल्याची खात्री करून, पूर्वेच्या झोनमधली मशीनं नीट थांबवा आणि मग त्या झोनचा एमसीबी वायरमनला पाडायला सांगा. तुम्ही पश्चिमेच्या डेटाबेसमध्ये एक नोंद लिहून पाहा. मग पूर्व परत आणा आणि दुसऱ्या बाजूने तेच करा. या वेळी एसीचा एमसीबीही पाडा आणि खोलीतला तापमापक दर पाच मिनिटांनी वाचून लिहून ठेवा. मेमध्ये फेज गेली तर तुमच्या हातात किती मिनिटं असतील याचा तुमच्या खोलीपुरता अंदाज त्यातून मिळेल. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती मिनिटं फेब्रुवारीपेक्षा बरीच कमी भरतील, तेवढं धरून चाला.